दारं काढायची रीत

शालिकराम गायधने नागपूरच्या एका कॉलेजात पुष्कळ वर्षांपासून तर्कशास्त्र शिकवत होते, आणि त्यामुळे आपल्याला बाकी काहीही करता येईल असा त्यांचा समज झाला होता. हा समज त्यांनी कधी तपासून पाहिला नव्हता. तशी वेळच येत नसे. घरात खिळा ठोकायचा झाला तर तो वच्छलाबाई ठोकत. फ्यूज उडाला तर शेजारचे भैय्याजी येऊन तार घालून देत. सायकलची चेन पडली तर शालिकराम सायकल हाताने ढकलत घरी येत, आणि वाटेत कोणी विचारलंच तर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे असं सांगत.

आणीबाणी उठली त्या वर्षी मात्र, श्रावण सरता सरता, ती वेळ आली. आणली महालक्ष्म्यांनी.

गायधन्यांच्या महालक्ष्म्या पारशिवनीला, थोरल्या घरी बसत. तिथे थोरले भाऊ रामाजी शेती पाहायचे आणि बाकी सगळं गोपिकावहिनी पाहायच्या. 'बाकी सगळं' यात रामाजीही आले. लग्न झाल्यापासून वच्छलाबाई दर भाद्रपदात एस.टी.ने पारशिवनीला जात, दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून पुरणपोळ्या लाटत, सोळा भाज्या चिरत आणि हळदीकुंकवाचा पुडा घेऊन परत येत. एकदा तरी महालक्ष्म्या आपल्या घरी बसाव्यात, आपल्या उंबऱ्यावरून आत याव्यात, एवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून हवी होती. त्यांनी ती कधी मागितली नाही. मागायची नसते.

पण यंदा गोपिकावहिनींच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. तेव्हा लक्ष्म्या कुठे बसवायच्या हा प्रश्न निघाला आणि त्यावर दोन घरांचा डोळा होता. एक नागपूरचं, वच्छलाबाईंचं. दुसरं रामटेकचं, चुलतजाऊ प्रेमिलाबाईंचं. प्रेमिलाबाईंनी नुकतंच नवं घर बांधलं होतं आणि त्याच्या दारांना सनमाईका लावली होती. सनमाईका हा शब्द त्या दिवसातून इतक्यांदा उच्चारत की नवख्या माणसाला ते मुलीचं नाव वाटावं.

गोपिकावहिनींनी निकाल दिला. "यंदा नागपूरले बसवू. घर कसं हाय, मी पाहतो. जमलं तं तथीच राहतीन कायमच्या. नाही जमलं तं पुढच्या साली रामटेक."

मागच्या खेपेला वहिनी नागपूरला आल्या होत्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर नख ओढून पाहिलं होतं आणि नखाकडे बघत म्हटलं होतं, "वच्छे, हे दार हाय का भाकरीचा तवा?"

त्यामुळे काय करायला हवं याबद्दल घरात वाद नव्हता. दारांना रंग द्यायला हवा होता. मोहल्ल्यातला रंगारी गणपतीच्या मांडवांत गुंतला होता. महालक्ष्म्या झाल्या की येतो म्हणाला. तेव्हा शालिकरामांनी चष्मा पुसला.

"दार म्हणजे काय?" ते म्हणाले. "एक सपाट पृष्ठभाग. त्याला दोन बाजू. त्यावर रंग. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"तुमाले समजत नाही असं मी कुठं म्हटलं जी?" वच्छलाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "रंग देता येते का, एवढंच विचारून राहिली मी."

 शालिकराम थेट कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि घरदुरुस्तीवरचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. ते विकत घेतल्यापासून कोणी बाहेर नेलं नव्हतं, ही गोष्ट त्यांना पुस्तकाच्या दर्जाची खूण वाटली. पुस्तकात म्हटलं होतं की दार उभ्याउभ्या रंगवणं हे अडाण्याचं काम. जाणता माणूस दार बिजागऱ्यांतून काढतो, आडवं ठेवतो आणि मग रंगवतो. म्हणजे रंगाचे ओघळ येत नाहीत. पुस्तक लिहिणारा जिथे राहत होता तिथे भाद्रपद येत नसावा.

शालिकरामांचं घर जुन्या मंगळवारीत होतं. ते आधीच्या मालकाने एकेक खोली वाढवत बांधलं होतं, आणि तो जुन्या लाकडांचा व्यापारी असल्यामुळे दारं पाडलेल्या इमारतींची होती. एक कोण्या गोदामाचं, एक कोण्या बंगल्याचं. न्हाणीचं दार कोण्या शाळेतून आलं असावं. त्याच्या आतल्या बाजूला तेलरंगाने 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं. हे प्रत्येक दार कुठे तासून, कुठे पट्टी ठोकून आपापल्या चौकटीत बसवलेलं होतं. एकाची उंची दुसऱ्याला नव्हती. शालिकराम त्या घरात एवढी वर्षं राहत होते, पण ही गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. दारं उघडी तरी असतात किंवा बंद तरी, तिसरी शक्यता नसते, इतपतच त्यांचा दारांशी परिचय होता.

रविवारी सकाळी त्यांनी पेचकस घेतला आणि देवखोली, स्वयंपाकघर, कोठी, मधली खोली आणि न्हाणी अशी आतली पाचही दारं उतरवली. समोरच्या दाराची माहिती पुस्तकात पुढच्या प्रकरणात होती आणि तिथवर त्यांचं वाचन झालं नव्हतं. त्यामुळे घराची इज्जत तेवढी वाचली. बिजागऱ्या आणि स्क्रू त्यांनी बिस्किटांच्या एकाच डब्यात टाकले, कारण स्क्रू शेवटी स्क्रूच.

इतवारीत भांड्यांचं दुकान असलेले भैय्याजी भिंतीवरून पाहत होते.

"काय प्रोफेसर, मकान बदलून राहिले का?"

"रंग देतोय."

"रंग द्याले दरवाजे निकालते का कोणी? मंग भिंतीले रंग द्याचा तं छत काढसान का?"

"भैय्याजी, प्रत्येक कामाची एक पद्धत असते," असं म्हणून शालिकरामांनी खिशातून खडू काढला. त्यांच्या खिशात खडू नाही असं कधी होत नसे. धोब्याचीही तीच तक्रार होती. त्यांनी प्रत्येक दारावर ठळक आकडा घातला. एक म्हणजे देवखोली, दोन म्हणजे स्वयंपाकघर, असं पाचपर्यंत. मग त्या त्या चौकटीवरही तोच आकडा घातला. "आता गोंधळ होऊच शकत नाही," ते म्हणाले. भैय्याजींनी मान डोलावली. गोंधळ होऊ शकत नाही असं कोणी म्हटलं की ते जरा वेळ थांबून बघत.

मग दारं अंगणात आडवी मांडून शालिकराम पॉलिशपेपरने घासायला बसले. इथे त्यांनी अशी हुशारी दाखवली की पुढे कित्येक वर्षं आंघोळीच्या वेळी ती आठवून त्यांचा तांब्या हवेतच थांबत असे. घासताना आकडा पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी आकड्याभोवतीचं सगळं घासलं आणि आकडा तेवढा राखला. 'शांतता राखा' मात्र साफ खरडून काढलं. मग रंगाचा डबा उघडला. रंग आकाशी होता. वच्छलाबाईंनी बदामी सांगितला होता, पण आकाशी रंगाने मन शांत राहतं असं शालिकरामांनी कुठेतरी वाचलं होतं.

रंग फार घट्ट निघाला. इतवारीतल्या दुकानदाराने सांगितलं होतं, "घट्ट वाटला तं अलशीचं तेल घाला." शालिकरामांनी ब्रश खाली ठेवला आणि विचार केला. अलशी म्हणजेच जवस. जवसाचं तेल आपल्या घरी आहे. म्हणजे रंगात घालायचं तेल आपल्या घरी आहे. अनुमानात खोट नव्हती. परीक्षेत कोणी असं लिहिलं असतं तर त्यांनी पूर्ण गुण दिले असते. ते आत गेले आणि पारशिवनीहून आलेली बरणी घेऊन आले. वहिनी आपल्या वावरातला जवस घाणीवर नेऊन दरसाल ते तेल पाठवत; वच्छलाबाई ते ठेच्यावर घालत. रंगाच्या दुकानात मिळणारं तेल उकळून केलेलं असतं आणि म्हणून वाळतं, आणि ठेच्यावरचं कच्चं तेल आपल्याला वाटेल तेव्हा वाळतं, हे शालिकरामांना ठाऊक नव्हतं. तर्कशास्त्र विधानं तपासतं, बरण्या तपासत नाही.

तेल घातल्यावर रंग लोण्यासारखा पसरू लागला. शालिकरामांना आपण हे आधीच का केलं नाही याचं वाईट वाटलं. त्यांची तंद्री लागली. ब्रश खाली, ब्रश वर. मजूर काम करताना का गातात ते त्यांना कळलं आणि तेही गाऊ लागले. एका दारावर आकाशीतून खडूचा पांढरा डाग वर येतो आहे असं दिसलं, तेव्हा तिथे त्यांनी ब्रश दोनदा फिरवला. अर्धवट काम त्यांना खपत नसे.

वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पाचही दारांकडे पाहिलं, आकाशीबद्दल काही बोलल्या नाहीत, आणि पदराने कपाळ पुसत सहज विचारलं, "हे सैपाकघराचं कोणतं जी?"

"दोन नंबर," शालिकराम ऐटीत म्हणाले.

"दोन नंबर कोणतं?"

शालिकरामांनी पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पाच निळी दारं आभाळाकडे तोंड करून पडली होती. पाचांतल्या एकाच्याही तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

"हे बघ," ते म्हणाले, "चौकटींवर आकडे आहेत."

"चौकटीले माहीत हाय जी थे कुठली हाय थे," वच्छलाबाई म्हणाल्या. "थे काही हालली नाही जागची."

भिंतीपलीकडे भैय्याजींना एकाएकी खोकला आला आणि ते घरात गेले. चहा गार झाला.

पुढचे दिवस कसे गेले हे सांगण्यासारखं नाही, पण मोहल्ल्याला ते आधीच ठाऊक होतं. पाऊस आला तेव्हा दारं उचलून मागच्या पडवीत नेली. पाऊस गेला तेव्हा अंगणात आणली. वाळायचं नाव नाही. हात लावला की बोट निळं, टेकलं की कोपर निळं, आणि मुंग्यांना जवसाच्या तेलाची खबर लागल्यामुळे त्या रांगेने येऊन रंगात कायमच्या वस्तीला राहू लागल्या. अख्ख्या घराला जवसाच्या चटणीचा वास येऊ लागला. भैय्याजी मदतीला आले. दोघांनी ओली दारं कडेला धरून एकेका चौकटीत लावून पाहिली. न्हाणीच्या चौकटीत धरलेलं दार बोटभर मोठं निघालं. ते कोठीचं असावं म्हणून कोठीत नेलं, तिथे ते लहान निघालं. उलटं करून पाहिलं, तर उलटंही लहानच निघालं. शेवटी चौकटीही निळ्या झाल्या आणि भैय्याजींचं दुकानात घालायचं धोतरही निळं झालं.

"कवडू मिस्त्रीले बोलवा," भैय्याजी म्हणाले.

कवडू मिस्त्री दारांचं काम करणारा मोहल्ल्यातला एकमेव सुतार. तोही मांडवात. तोही म्हणाला, महालक्ष्म्या झाल्यावर.

वच्छलाबाईंनी चौकटींवर जुन्या चादरी बांधल्या. न्हाणीत चादर भिजायची म्हणून तिथे नियम झाला की आत असलेल्याने सतत आवाज करायचा. वच्छलाबाई बांगड्या वाजवत. शालिकरामांना गाणं फारसं येत नसे. ते सगळी माणसं मर्त्य आहेत इथपासून सुरू करून व्याख्यान देत. 'शांतता राखा' खरडून काढलं ते एका अर्थी योग्यच झालं होतं.

वच्छलाबाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. शालिकरामांना वाटलं, ओरडली असती तर बरं. त्या मधल्या खोलीत लक्ष्म्यांची जागा सारवत होत्या. सारवता सारवता हात थांबवून म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही जी. प्रेमिलाबाईच्या घरी लक्ष्म्यांच्या निवदाची आंबील काही चांगली होत नाही, एवढंच वाईट वाटते."

शालिकराम मागच्या पडवीत जाऊन दारांपुढे उभे राहिले. बायकोने आयुष्यात एक गोष्ट मागितली नव्हती आणि तीसुद्धा आपण तिला मिळू दिली नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी नीट वाक्यात मांडून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. त्यामुळे त्यांना आणखी वाईट वाटलं.

लक्ष्म्यांच्या दिवशी वहिनी एस.टी.तून उतरल्या त्या मुखवट्यांची पेटी छातीशी धरूनच. मागोमाग रामटेकहून प्रेमिलाबाई आल्या. त्यांनी चादर बाजूला केली, पलीकडची चादर बाजूला केली, आणि मग सगळ्या घरातून आरपार पाहून म्हणाल्या, "अवं माय! दारंच नाहीत?"

"रंग द्याले काढली," वच्छलाबाई म्हणाल्या.

"हौ का? बरं झालं. हवा भल्ली मस्त येऊन राहिली. आमच्याकडं सनमाईका, पुसली की झालं. तुमच्याकडं तं पुसाचीही कटकट नाही."

वहिनी काठी टेकत सगळ्या खोल्यांतून फिरल्या. एका चौकटीपाशी थांबून नाक जरा वर करून त्यांनी हवा हुंगली, आणि मागच्या पडवीतही एक चक्कर मारून आल्या. शालिकराम त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. परीक्षकाच्या चेहऱ्यावरून निकाल कळत नाही हे ते विद्यार्थ्यांना नेहमी सांगत.

गायधन्यांच्या घरची रीत अशी होती. लक्ष्म्या आणताना आतलं प्रत्येक दार लावून ठेवायचं. मुखवटा घेतलेली बाई दारापुढे थांबायची, मागच्या बायका ताट-चमचा वाजवायच्या, आणि बाहेरून हाक जायची, "दार उघडा, लक्ष्मी आली." आतली सुवासीण विचारायची, "काय घेऊन आली?" बाहेरून उत्तर, "धनधान्य, लेकरंबाळं." मग दार उघडायचं. अशी एकेका खोलीतून फिरत लक्ष्मी आपल्या जागेवर बसायची. कित्येक पिढ्यांत कोणी याहून वेगळं केलेलं नव्हतं.

त्या दिवशी समोरच्या उंबऱ्यावर कुंकवाची पावलं उमटली, ताटं वाजू लागली, मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. थोरल्या लक्ष्मीचा मुखवटा वहिनींच्या हातात होता, धाकटीचा वच्छलाबाईंच्या. त्या स्वयंपाकघराच्या चौकटीपुढे आल्या आणि थांबल्या. चादर आधीच काढून ठेवली होती. चौकट मोकळी. वर खडूचा दोन. आतली सुवासीण म्हणून बसवलेली शोभाताई, म्हणजे भैय्याजींची सून, समोर स्पष्ट दिसत होती आणि आपण दिसतो आहोत म्हणून गोंधळून गेली होती.

ताटं आपोआप थांबली.

"दार उघडा म्हणाचं का?" मागून कोणीतरी हळूच विचारलं.

"कोणतं दार?" प्रेमिलाबाई हळू न बोलता म्हणाल्या. "उघडाले तं पायजे ना काही. वच्छला, चादर तरी बांध वं परत, म्हणजे सोडता येईन."

दोघीतिघी हसल्या.  शालिकराम घंटा धरून कोपऱ्यात उभे होते. त्यांनी ठरवलं की आता खरं सांगून टाकायचं. वच्छलेचा यात काही दोष नाही, सगळा दोष आपला आणि त्या पुस्तकाचा. त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, वस्तुस्थिती अशी आहे की..."

"थांबा जी भाऊजी," वहिनी वळूनही न बघता म्हणाल्या. "तुमी कायले सांगता? तुमाले लाज वाटते सांगाची. मीच सांगतो." आणि त्या बायकांकडे वळल्या. "इतके साल पारशिवनीले आम्ही काय करत होतो? दार लावत होतो अन् मंग उघडत होतो. लक्ष्मी येऊन राहिली हे माहीत हाय, तं आधी लावाचंच काहून? हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. या माणसाच्या आलं. लक्ष्मीले घरात एक दार आडवं येऊ नाही म्हणून यानं सारे दारं काढून ठेवले. न्हाणीचं सुदिक! घरची लाज पाहिली नाही, लोक हासतीन हे पाहिलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या मालकानं केलं असं?"

कोणाच्याच मालकानं केलं नव्हतं.

"मंग वाजवा ताटं," वहिनी म्हणाल्या आणि न थांबता आत शिरल्या. स्वयंपाकघर, कोठी, देवखोली. लक्ष्म्या कुठेही न अडता घरभर फिरल्या. ताटांचा असा गजर जुन्या मंगळवारीत पूर्वी झाला नव्हता. एका म्हाताऱ्या बाईने जाता जाता शालिकरामांना वाकून नमस्कार केला.

शालिकरामांचं तोंड उघडंच होतं. चुकून घडलेल्या गोष्टीला हेतू चिकटवणं या दोषावर ते दरवर्षी एक अख्खा तास घेत. उन्हाळ्यात त्यांनी 'अंधश्रद्धा आणि अनुमान' या विषयावर जाहीर व्याख्यानही दिलं होतं आणि त्या व्याख्यानाचे अध्यक्ष उद्या जेवायला येणार होते. खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. त्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्या धाकटी लक्ष्मी जागेवर ठेवत होत्या आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की लग्नातही शालिकरामांनी तो तसा पाहिला नव्हता. अर्थात लग्नात ते पुष्कळसा वेळ झोपेत होते. त्यांनी तोंड मिटलं आणि घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी जेवणावळीत अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "गायधने, माणूस आतून वेगळाच असतो." भैय्याजी पंक्तीत समोरच बसले होते. त्यांच्या नखांत अजून आकाशी रंग होता.

"प्रोफेसर," ते पानावरून मान वर करून म्हणाले, "हे दरवाजे तं मी सोता..."

"भैय्याजी, पुरणपोळी," म्हणून शालिकरामांनी त्यांच्या पानात पोळी वाढली. मग तूप वाढलं. मग आणखी एक पोळी वाढली. भैय्याजी समजूतदार माणूस होता. तिसऱ्या पोळीनंतर त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं की प्रोफेसरांनी दरवाजे काढले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं.

दुपारी सगळं आवरल्यावर वहिनींनी मागच्या पडवीतून हाक मारली. त्या पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि समोर भिंतीला पाचही दारं टेकलेली होती. शालिकराम गेले. वहिनींनी एका दारावर बोट टेकलं, बोट नाकाशी नेलं, आणि म्हणाल्या, "हे तेल माया वावरातलं हाय."

शालिकराम चष्मा पुसू लागले.

"आल्या आल्या वास आला. मले वाटलं, वच्छीनं चटणी केली असन. मंग इकडं येऊन पाहिलं तं दारं तेल पिऊन पडले होते."

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मंग? तुमी अन् भक्ती?" वहिनी खुदकन हसल्या. "सोताच्या लग्नात सत्यनारायणाले झोपले होते तुमी."

"मग वहिनी, तुम्ही असं खोटं काहून..." शालिकराम घाईघाईत पारशिवनीच्या बोलीवर गेले. अडचणीत सापडले की ते जात.

वहिनी आपले गुडघे चोळत राहिल्या. "मायानं होत नाही आता, भाऊजी. ताटाशी बसलं तं उठता येत नाही. पण गावात काय सांगू? थोरल्या घरच्या लक्ष्म्या काहून गेल्या, तं गोपिकेचे गुडघे गेले म्हणून? लोकं म्हणतीन, हिचं सरलं. अन् वच्छीकडं दिल्या तं प्रेमिला म्हणन, घर तं माहं चांगलं होतं, मले काहून नाही? म्या साल-दीड साल विचार केला, काही सुचत नव्हतं." त्यांनी दारांकडे कौतुकाने पाहिलं. "आता कोणाची टाप हाय बोलाची? ज्यानं लक्ष्मीसाठी घराचे दारं उपटले, त्याच्या घरून लक्ष्मी नेतो म्हणाची हिंमत हाय कोणाची? सनमाईका काय करते आता?"

शालिकराम तर्कशास्त्र शिकवत होते. त्यांनी मनात आधारविधानं मांडून पाहिली. एकही खरं नव्हतं. निष्कर्ष पक्का होता.

"एक हाय पण," वहिनी काठी टेकून उठत म्हणाल्या. "दरसाल काढा लागतीन."

"काय?"

"दारं. एका साली काढले अन् दुसऱ्या साली लावून बसले, तं खोटं पडन ना? आता रीत झाली थे. तुमी हाय तंवर तुमी काढा, मंग पोरं काढतीन." दोन पावलं गेल्यावर त्या वळल्या. "तेल जास्त पाठवू का पुढच्या साली?"

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. मधे एकही दार नसल्यामुळे वच्छलाबाईंनी पहिल्या शब्दापासून सगळं ऐकलं होतं, आणि आता त्या परातीत तोंड घालून हसत होत्या. परातीमुळे ते आणखी मोठं ऐकू येत होतं.

कवडू मिस्त्री लक्ष्म्यांनंतर आला. रंग दसऱ्याच्या सुमारास वाळला, मुंग्यांसकट. एवढ्या वेळात दारं फुगली होती, त्यामुळे जे दार ज्या चौकटीत थोडं कमी तासून बसलं ते तिथलं असं ठरलं. गोदामाचं दार देवखोलीला गेलं. स्वयंपाकघराचं दार तेव्हापासून बाहेर उघडतं आणि घाईत असलेल्या माणसाच्या कपाळावर आपटतं. घाईत असलेला माणूस बहुधा शालिकराम असतो.

पुढल्या वर्षी गणपतीत बातमी आली की रामटेकला प्रेमिलाबाईंनी सनमाईकाची सगळी दारं काढून ठेवली आहेत. लक्ष्मी नसली म्हणून काय झालं, गणपतीलाही दार आडवं यायला नको. मोहल्ल्यातही दोनतीन घरांनी काढली. कॉलेजात एका विद्यार्थ्याने तासाला उभं राहून विचारलं, "सर, या प्रथेला काही आधार आहे का?" शालिकराम फळ्याकडे वळले आणि बराच वेळ फळा पुसत राहिले.

महालक्ष्म्यांच्या आदल्या रविवारी त्यांनी पेचकस घेतला. खिशात हात घातला तोच वच्छलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"खडू द्या इकडं."

शालिकरामांनी दिला. वच्छलाबाईंनी एक मोठा खिळा घेतला, स्टुलावर चढल्या आणि प्रत्येक दाराच्या वरच्या कडेला, जिथे कोणाचा ब्रश पोचत नाही, तिथे आकडा खरवडला. देवखोली एक, स्वयंपाकघर दोन.

भैय्याजी भिंतीवरून पाहत होते. "काय प्रोफेसर, मकान बदलून राहिले का?"

शालिकरामांनी पहिला स्क्रू सैल केला. मग कोणतंही आधारविधान न देता ते म्हणाले, "रीत आहे भैय्याजी आमच्याकडे."

"हौ, माहीत हाय मले," भैय्याजी म्हणाले. त्यांनी जुनं धोतर नेसलं आहे याची एकदा खाली बघून खात्री केली आणि भिंत ओलांडून दार धरायला आले.